पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा नाही: जुने ऑनलाइन खेळ आणि फाइल पाठवण्याच्या पद्धती

१९९९ च्या डिसेंबरात इड सॉफ्टवेअरने ‘क्वेक’ या खेळाचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला आणि त्यासोबत इंटरनेटवर खेळण्यासाठी खास सुधारलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’चाही. तो वाचणाऱ्या बहुतेकांचे लक्ष साहजिकच त्रिमितीय चित्रण करणाऱ्या भागाकडे गेले आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले. माझे कुतूहल मात्र त्यातल्या अगदी दुय्यम वाटणाऱ्या भागात अडकले. सर्व्हरवर चालू असलेला नकाशा खेळाडूच्या संगणकात नसेल, तर तो त्याच्यापर्यंत पोचवणारी ती जेमतेम काही फंक्शन्स आहेत. सर्व्हर फाइलमधले जास्तीत जास्त ७६८ बाइट वाचतो, पाठवतो आणि थांबतो. समोरून ‘पुढचे द्या’ असा संदेश आला की पुढचे ७६८. जगभरच्या क्वेकवर्ल्डच्या खेळाडूंनी नकाशे, पात्रांची रूपे आणि आवाज असेच उतरवून घेतले, आणि ही पद्धत तत्त्वतः त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी शिकागोत लिहिल्या गेलेल्या, टेलिफोनवरून फाइल पाठवणाऱ्या एक्समोडेमची आहे.

मधल्या वीस वर्षांत फाइल पाठवण्याचे तंत्र बरेच पुढे गेले होते. तरीही खेळाने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात का केली, याचे उत्तर शोधू लागले की ऑनलाइन खेळाच्या आणि फाइलच्या गरजा किती परस्परविरुद्ध आहेत ते दिसू लागते. खेळात पाठवलेली माहिती क्षणात शिळी होते. प्रतिस्पर्धी अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे उभा होता हे सांगणारे पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, वाटेत हरवले, तर ते पुन्हा मागवण्यात काहीच अर्थ नसतो, कारण तोवर तो तिथून निघून गेलेला असतो. फाइलचे याच्या नेमके उलट आहे. ती उशिरा आली तरी चालते, पण तिच्यातला एक बाइटही इकडचा तिकडे झालेला चालत नाही. अडचण अशी की पहिल्या प्रकारचा खेळ सुरू होण्यासाठी दुसऱ्या प्रकारचे काम आधी निर्दोष व्हावे लागते.

क्वेकच्या आधीच्या, इड सॉफ्टवेअरच्याच ‘डूम’ या खेळात ही अट विशेष कडक होती. जाळ्यावर चार जण डूम खेळत असत तेव्हा राक्षस कुठे आहेत, दार किती उघडले आहे, असली माहिती एकमेकांना पाठवलीच जात नसे. जात असत त्या फक्त प्रत्येकाच्या हालचालींच्या आज्ञा, सेकंदाला ३५ वेळा, आणि प्रत्येक संगणक त्यांवरून संपूर्ण जग स्वतःच नव्याने मोजत असे. त्यामुळे चौघांकडची नकाशाची फाइल अक्षरशः सारखी असणे अपरिहार्य होते. एकाकडे जुनी आवृत्ती असली तर चारही जगे हळूहळू वेगळी होत जाणार, आणि मग विसंगतीचा संदेश दाखवून खेळ बंद पडणार. फाइल पाठवण्याच्या पद्धती हा ऑनलाइन खेळाच्या इतिहासातला केवळ पूरक विषय मानला जातो, ते मला पटत नाही.

एक्समोडेमचा जनक वॉर्ड क्रिस्टेन्सन. १९७७ साली सीपी/एम या कार्यप्रणालीवरच्या फाइली मोडेमने, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या उपकरणाने, दुसऱ्या संगणकाकडे नेण्यासाठी त्याने ‘मोडेम’ याच नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि तो कोणताही हक्क न राखता वाटून टाकला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७८ मध्ये, रँडी सूस याच्यासोबत त्याने शिकागोत पहिला बीबीएस सुरू केला. टेलिफोनवरून नंबर फिरवायचा, दुसऱ्याच्या घरातल्या संगणकाशी जोडले जायचे, निरोप वाचायचे आणि लिहायचे, ही ती सोय होती, आणि तिची कल्पना शिकागोतल्या त्या जानेवारीतील हिमवादळात घरी अडकून पडल्यामुळे सुचली हे सर्वश्रुत आहे. पुढच्या पंधरा वर्षांत बीबीएस हजारोंच्या संख्येने उभे राहिले आणि फाइलींची देवघेव हे त्यांचे मुख्य आकर्षण ठरले.

एक्समोडेमचे काम असे चालते. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, कारण सीपी/एममध्ये डिस्कवरचा एक रेकॉर्ड तेवढाच असे. प्रत्येक तुकड्यापुढे तीन बाइट लावायचे: सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक आणि तोच क्रमांक २५५ मधून वजा करून आलेली संख्या, म्हणजे क्रमांकच बिघडला तर लगेच कळावे. शेवटी १२८ बाइटांची बेरीज करून तिचा उरलेला एक बाइट चेकसम म्हणून जोडायचा. असे १३२ बाइट गेले की पाठवणारा थांबतो. घेणारा बेरीज ताडून पाहतो आणि पोच किंवा नकार असा एकच बाइट परत पाठवतो. पोच आली तर पुढचा तुकडा, नकार आला तर तोच पुन्हा. टपालाने लांबलचक ग्रंथ पाठवताना प्रत्येक पानाची पोचपावती हाती आल्याशिवाय पुढचे पान पाकिटात न घालणाऱ्या माणसासारखा हा कारभार आहे. काम बिनचूक होते, पण पोस्टमन दूरच्या गावाचा असेल तर दिवस वाट पाहण्यातच जातात.

क्रिस्टेन्सनच्या काळात ही वाट पाहणे खटकत नव्हते. त्याच्या सेकंदाला ३०० बिट नेणाऱ्या मोडेमवर सेकंदाला ३० अक्षरे जात. एक तुकडा जायलाच ४.४ सेकंद लागत, त्यापुढे पोच यायला लागणारा वेळ नगण्य होता. मोडेम वेगवान होऊ लागले तसे हे गणित बिघडत गेले. २४०० बिटला तोच तुकडा ०.५५ सेकंदात जातो. वाटेत पॅकेट जाळे किंवा उपग्रह असेल आणि पोच यायला अर्धा सेकंद लागत असेल, तर जवळजवळ निम्मा वेळ तार रिकामी राहते. ९६०० बिटला तुकडा ०.१४ सेकंदात संपतो, म्हणजे त्याच परिस्थितीत पाऊण भागाहून अधिक वेळ निव्वळ प्रतीक्षेत जातो. मोडेमचा वेग चौपट करून फाइल मात्र दीडपटीच्या आसपासच लवकर यायची. ओळीचा वेग आणि पोच येण्याचा अवधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढे क्वेकच्या खेळाडूंना पुन्हा नव्याने कळले.

बाकीचे दोषही होते. घेणाऱ्याला फाइलचे नाव कळत नसे, ते त्याने स्वतः टाइप करायचे. फाइलची लांबी १२८ च्या पटीत नसेल तर शेवटच्या तुकड्यात भरताड घातले जाई आणि ते फाइलला चिकटून राही. साध्या बेरजेचा चेकसम तर फारच भोळा होता: दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. नंतर जॉन बर्न्स याने बेरजेऐवजी सीआरसी ही अधिक कसदार तपासणी जोडली. तरीही एक्समोडेमने जगभर बस्तान बसवले ते त्याच्या साधेपणामुळे. कोणत्याही संगणकासाठी तो एका रात्रीत लिहिता येत असे, आणि ज्याच्याकडे दुसरे काहीच नाही त्याच्याकडेही तो असायचाच.

त्याच सुमारास, १९८१ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ‘कर्मिट’ तयार केला. हे नाव मपेट्समधल्या बेडकाचे. विद्यापीठातल्या मोठ्या संगणकांच्या टर्मिनल ओळी बहुधा सातच बिट नेत आणि काही नियंत्रण अक्षरे मधल्यामध्ये गिळून टाकत. म्हणून कर्मिट प्रत्येक बाइट छापता येण्याजोग्या अक्षरांच्या रूपात बदलून पाठवी. बीबीएसवरच्या मंडळींनी त्याला कायम मंद म्हणून हिणवले. त्यात त्याच्यावर थोडा अन्याय झाला, कारण मूळ ठेवण सावध होती इतकेच. पुढच्या आवृत्त्यांत लांब पॅकेट आणि सरकती खिडकी (पोचेची वाट न पाहता एकदम अनेक तुकडे वाटेवर ठेवणे) या दोन्ही सोयी आल्या. (जाता जाता: माझे काम छोट्या सर्किट बोर्डांवर लिनक्स चालवण्याचे आहे, आणि त्यांवरच्या यू-बूट या, यंत्र सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमध्ये सीरियल तारेवरून फाइल चढवण्यासाठी कर्मिट, एक्समोडेम आणि वायमोडेम या तिघांच्या स्वतंत्र आज्ञा आजही आहेत. ज्या बोर्डावर अजून काहीच चालत नाही, त्यावर ही म्हातारी मंडळीच कामाला येतात.)

बीबीएसवरचे खेळ दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार ‘डोअर’ खेळांचा. ‘ट्रेडवॉर्स २००२’ किंवा सेथ रॉबिन्सनचा ‘लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन’ हे बीबीएसच्या संगणकावरच चालत. खेळाडूच्या पडद्यावर फक्त रंगीत अक्षरे उमटत, त्यामुळे काहीही उतरवून घेण्याची गरज नसे. दुसरा प्रकार शेअरवेअरचा, आणि त्याचे सगळे गणित फाइलींच्या वहनावर उभे होते. अपोजी कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत खेळाचा पहिला भाग फुकट वाटायचा, आणि तो आवडला तर उरलेले भाग पैसे भरून मागवायचे. इड सॉफ्टवेअरचा ‘वुल्फेन्स्टाइन ३-डी’ मे १९९२ मध्ये असाच बाहेर पडला. मॅसॅच्युसेट्समधला ‘सॉफ्टवेअर क्रिएशन्स’ हा बीबीएस अपोजीचे माहेरघर होता; तिथून एकाने फाइल घ्यायची, आपल्या गावच्या बीबीएसवर चढवायची, तिथून पुढच्याने. बऱ्याच ठिकाणी अमुक इतके चढवाल तेव्हाच तमुक इतके उतरवता येईल असा दंडक असे, त्यामुळे नवा खेळ हाती आला की तो आधी चढवण्याची चढाओढ लागायची. जाहिरातीवर काहीही खर्च न करता खेळ सर्वत्र पोचवणारी ही यंत्रणा अर्थातच मोडेमवरच्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे फाइल पाठवण्याच्या ठरलेल्या नियमांच्या, विश्वासार्हतेवर चालली होती.

तिला खरा आधार दिला तो चक फोर्सबर्ग याने. त्याच्या वायमोडेममध्ये तुकडे १०२४ बाइटचे झाले आणि सगळ्यात आधी शून्य क्रमांकाच्या तुकड्यात फाइलचे नाव, लांबी व तारीख येऊ लागली. १९८६ मध्ये आलेला झेडमोडेम मात्र निव्वळ सुधारणा नव्हता. टेलेनेट या अमेरिकन पॅकेट जाळ्याच्या कंपनीने त्याच्या कामासाठी पैसे दिले होते, कारण त्यांच्याच जाळ्यात पोच उशिरा येत असल्याने एक्समोडेम रखडत होता. फोर्सबर्गने प्रश्न उलटा केला. प्रत्येक तुकड्याची पोच मागायचीच कशाला? पाठवणाऱ्याने न थांबता पाठवत राहावे. घेणाऱ्याला तुकडा खराब मिळाला तर त्याने फक्त ‘मला फाइलच्या अमुक बाइटपासून पुन्हा पाठवा’ एवढे सांगावे.

तुकड्याच्या क्रमांकाऐवजी फाइलमधले स्थान सांगण्याचा हा निर्णय मला झेडमोडेममधला सर्वात मोलाचा वाटतो, कारण त्यातून दुसरी सोय आपोआप मिळाली. फोन मध्येच तुटला, तर उतरलेला भाग टाकून द्यायचे कारण नाही. पुन्हा जोडले गेल्यावर घेणारा सांगतो की माझ्याकडे इतके बाइट आहेत, त्यापुढचे द्या. घरात कोणीतरी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला की गेलेला तासभर वाया, ही तेव्हाची सार्वत्रिक व्यथा या एका कलमाने संपली. सोबत ३२ बिटांची सीआरसी तपासणी आली. बिघडलेला तुकडा तिच्यातून नजरचुकीने सुटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक.

झेडमोडेम सुरू होताना टर्मिनलला ते ओळखता आले नाही, तर पडद्यावर दोन चांदण्या, बी हे अक्षर आणि शून्यांची रांग उमटत असे. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांच्या ती कायमची लक्षात असते. टर्मिनलला कळत असेल तर तीच खूण पाहून ते स्वतःहून फाइल घ्यायला लागे; खेळाडूला काहीच टाइप करावे लागत नसे. आणि काम संपल्यावर पाठवणारा ओ ओ अशी दोन अक्षरे धाडतो, बिनतारी संदेशवाल्यांच्या ‘ओव्हर अँड आउट’ची. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी असली की असे होते.

इंटरनेटच्या बाजूला याच कामासाठी एफटीपी होता आणि तो या सगळ्यांहून जुना. त्याचा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१ रोजी अभय भूषण यांनी लिहिला. मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर आणि त्या वेळी एमआयटीत शिकणारे. आज जो एफटीपी वापरात आहे तो १९८५ च्या नियमपत्रातला. त्यात आज्ञांसाठी एक जोडणी आणि फाइलसाठी दुसरी स्वतंत्र जोडणी असते, आणि मूळ रीतीनुसार ही दुसरी जोडणी सर्व्हरच ग्राहकाच्या संगणकाकडे उघडतो. सगळे संगणक एकमेकांना थेट दिसत होते तोवर यात काही गैर नव्हते. पुढे घरोघरी राउटर आले, त्यांच्यामागचे संगणक बाहेरून दिसेनासे झाले आणि सूची मागितली की जागच्या जागी अडकून बसण्याचा अनुभव सर्वांना येऊ लागला. मग ग्राहकानेच दोन्ही जोडण्या उघडण्याची पॅसिव्ह रीत रूढ झाली.

एफटीपीची दुसरी खोड खेळाडूंना अधिक नडली. त्याची मूळ अवस्था मजकुराची आहे, म्हणजे युनिक्सवरची ओळ संपल्याची खूण डॉसवर नेताना तो आपणहून बदलतो. मजकुरासाठी ही सोय उत्तम, पण झिप फाइलमध्ये योगायोगाने आलेला तसाच बाइटही बदलला जातो आणि तासभर घालवून उतरवलेला खेळ उघडत नाही. म्हणून आधी ‘बिन’ टाइप करायचे आणि मगच फाइल मागायची, हा त्या पिढीच्या बोटांत बसलेला संस्कार होता. अर्धवट फाइल पुढे चालू ठेवण्याची रीतही सर्व्हरवाल्यांनी परस्पर अंगीकारली होती; आज वापरल्या जाणाऱ्या स्वरूपात तिला अधिकृत नियमपत्रात जागा मिळायला २००७ साल उजाडावे लागले.

तरीही मोठ्या साठ्यांसाठी एफटीपीला पर्याय नव्हता, आणि डूमचे आगमन त्यावरच झाले. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअर टेक्सासहून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पार्कसाइड येथील एफटीपी सर्व्हरवर डूमची शेअरवेअर आवृत्ती चढवणार, ही बातमी आधीच फुटली होती. लोक ताटकळत होते, आणि ताटकळत होते ते त्याच सर्व्हरवर, जोडणी धरून. एकाच वेळी किती जणांना आत घ्यायचे याला मर्यादा असल्याने सर्व्हर भरून गेला आणि खुद्द खेळ चढवायला आलेल्यालाच आत शिरता येईना. शेवटी तिथल्या व्यवस्थापकाने मर्यादा वाढवली, फाइल चढली, आणि लगोलग झालेल्या गर्दीत विद्यापीठाचे जाळे कोलमडले. ती फाइल सुमारे अडीच मेगाबाइटची होती. १४,४०० बिटच्या मोडेमवर अर्ध्या तासाचे काम, २४०० बिटच्या जुन्या मोडेमवर पावणेतीन तासांच्या आसपासचे. तिथून ती बीबीएसवर गेली, म्हणजे एफटीपीने उतरली आणि झेडमोडेमने पसरली.

हीच दुहेरी वाट आपल्याकडेही होती, फक्त थोड्या उशिराने आणि फार कमी लोकांसाठी. बंगळूरला अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये सीआयएक्स हा बीबीएस सुरू केला होता, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणले. त्यातली स्वस्त खाती ‘शेल’ प्रकारची होती: घरचा संगणक इंटरनेटवर नसेच, तो व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्राचे केवळ टर्मिनल असे. अशा खात्यावरून खेळाचा डेमो हवा असेल तर आधी एफटीपीने तो व्हीएसएनएलच्या यंत्रावर आणायचा, तिथल्या मर्यादित जागेत मावला तर बरे, आणि मग तिथूनच झेडमोडेमची आज्ञा देऊन टेलिफोनवरून घरी ओढायचा. मात्र पुण्या-मुंबईत बहुतेकांकडे डेमो पोचले ते मासिकांसोबतच्या सीडींतून आणि मित्रांच्या फ्लॉपींतून.

डूमसाठी लोकांनी बनवलेले हजारो नकाशे नंतर ‘आयडीगेम्स’ या साठ्यात जमले आणि तो साठा कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक सीडीरॉम कंपनीच्या एफटीपी सर्व्हरवर विसावला. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर चालणारा हा सर्व्हर नव्वदच्या दशकात जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या सर्व्हरांपैकी एक होता. प्रत्येक नकाशासोबत ठरावीक नमुन्याची मजकूर फाइल जोडायची शिस्त तिथे होती, आणि तीमुळेच आज तीस वर्षांनंतरही कोणता नकाशा कोणी, कशाच्या आधारे बनवला हे सांगता येते.

आता क्वेककडे. डूममध्ये नकाशा आधीच सर्वांकडे असावा लागे आणि तो कसा मिळवायचा ही खेळाडूची जबाबदारी होती. १९९६ च्या अखेरीस आलेल्या क्वेकवर्ल्डने इंटरनेटवरचे सर्व्हर कायम चालू आणि सर्वांना खुले केले. कोणीही कधीही आत येणार आणि तिथे कोणता नकाशा चालू असेल ते त्याला माहीत नसणार. त्याला बाहेर पाठवून ‘आधी एफटीपीवरून घेऊन ये’ म्हणणे परवडणारे नव्हते, म्हणून खेळाच्या आतच फाइल पाठवण्याची सोय करावी लागली.

पण खेळाची वाट यूडीपीची होती, जिथे पॅकेट पोचेलच याची हमी नसते. खेळाला ती नकोच होती. ज्या थोड्या गोष्टी पोचल्याच पाहिजेत, उदाहरणार्थ गप्पांतला मजकूर किंवा गुणांची नोंद, त्यांच्यासाठी क्वेकवर्ल्डने त्याच वाटेवर छोटीशी खात्रीची सोय जोडली होती. तिच्यात एका वेळी एकच संदेश वाटेवर असू शकतो, आणि तो मिळाला की नाही हे कळण्यासाठी क्रमांक म्हणून वापरला जातो फक्त एक बिट. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील बार्टलेट, स्कँटलबरी आणि विल्किन्सन यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही युक्ती आहे. अधूनमधून जाणाऱ्या एखाद-दुसऱ्या संदेशासाठी ती पुरेशी, किंबहुना सुबक आहे. तिच्यावर आख्खा नकाशा लादला की काय होईल ते उघड आहे.

पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्याचा वेळ, ३०० मिलिसेकंद असेल तर ७६८ बाइटला ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला अडीच किलोबाइट. मोडेमवाल्याला हे फारसे जाणवत नसे, कारण सर्व्हर त्याला प्रतिसेकंद २५०० बाइटच्याच आसपास देई. तेवढी मर्यादा खेळात आधीपासून ठरलेली होती. पण ५० मिलिसेकंद पिंगच्या वेगवान जोडणीवरही कमाल १५ किलोबाइटच मिळणार, ओळ कितीही रुंद असो. क्रिस्टेन्सनच्या पद्धतीतली रिकामी राहणारी तार इथे पुन्हा अवतरली होती. मी याला इड सॉफ्टवेअरचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक याची चूक मानत नाही. हाताशी असलेल्या सोयीवर थोडक्यात काम भागवले होते, आणि त्या काळच्या मोडेमवर ते भागतही होते.

त्या कोडमधल्या बारकाव्यांतूनही बरेच शिकण्यासारखे आहे. फाइलच्या नावात दोन टिंबे असतील तर सर्व्हर ती नाकारतो, नाही तर कोणीही सर्व्हरच्या डिस्कवरची हवी ती फाइल मागू शकला असता. मागितलेला नकाशा खेळाच्या विकत मिळणाऱ्या पॅक फाइलमधला असेल तर तोही दिला जात नाही. या तपासणीपाशी टिपणात ‘झॉइड’ अशी सही आहे, म्हणजे क्वेकमध्ये ‘कॅप्चर द फ्लॅग’ हा सांघिक खेळप्रकार लोकप्रिय करणाऱ्या डेव्ह कर्शची. फुकट नकाशे वाटणाऱ्या नळातून विकत घ्यायचा माल वाहून जाऊ नये, ही दक्षता. आणि खेळाडूच्या बाजूला उतरणारी फाइल तात्पुरत्या नावाने लिहिली जाते व पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव मिळते, म्हणजे मध्येच जोडणी तुटली तर अर्धवट नकाशा खरा समजून उघडला जाऊ नये. पण तो अर्धवट तुकडा पुन्हा उपयोगात आणण्याची तजवीज मात्र नव्हती, पुन्हा शून्यापासून.

१९९७ च्या ‘क्वेक २’मध्ये ती आली. तुकडा १०२४ बाइटचा झाला, आणि तात्पुरती फाइल आधीपासून असेल तर तिची लांबी मोजून खेळ सर्व्हरला सांगू लागला की यापुढचे द्या. इथेही टिपणाखाली झॉइडचीच सही आहे. ही झेडमोडेमची दहा वर्षे जुनी कल्पना. १९९९ च्या ‘क्वेक ३’मध्ये उरलेला अर्धा भाग आला: २०४८ बाइटचे तुकडे, आणि पोचेची वाट न पाहता असे आठ तुकडे एकदम वाटेवर सोडायची मुभा. तीन खेळांत मिळून इड सॉफ्टवेअरने एक्समोडेमपासून झेडमोडेमपर्यंतचा प्रवास पुन्हा केला, तोही त्याच क्रमाने. ते ठरवून झाले असे मला वाटत नाही. पोच, पुन्हा पाठवणे, स्थान आणि खिडकी या चारच गोष्टींनी हे क्षेत्र बांधलेले आहे आणि एकीची उणीव जाणवली की माणूस दुसरीकडे वळतो, इतकेच.

क्वेक ३ मध्येही पाठवण्याचा वेग खेळाडूने खेळासाठी ठरवलेल्या दराशी बांधलेला होता, आणि नकाशे आता पोतांसकट (भिंती-जमिनींवर चढवायच्या चित्रांसकट) अनेक मेगाबाइटांचे झाले होते. सर्व्हर चालवणाऱ्यांची दुसरी तक्रार अशी की कोणी फाइल उतरवू लागले की आत खेळणाऱ्यांच्या वाट्याची ओळ त्यात जाते. यावरचा तोडगा ‘अनरियल टूर्नामेंट’च्या मंडळींनी सरळ मार्गाने काढला: खेळाच्या सर्व्हरने फक्त वेब सर्व्हरचा पत्ता द्यायचा, दाबून लहान केलेली फाइल खेळाडू तिथून एचटीटीपीने, म्हणजे वेब पाने येतात त्याच मार्गाने, घेईल. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या सर्व्हरांवरही हीच रीत आली, आणि क्वेक ३ चा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाल्यावर त्यावर आधारलेल्या आयओक्वेक३ मध्येही ती जोडली गेली. ज्याला एकही बाइट हरवणे मान्य नाही त्याने टीसीपीवरून, म्हणजे पोचण्याची हमी देणाऱ्या वाटेने, जावे आणि ज्याला थांबणे मान्य नाही त्याने यूडीपीवरून, अशी कामाची वाटणी अखेर झाली.

एफटीपी त्यातूनही गेला नाही. खेळाडूंना नकाशे एचटीटीपीने मिळू लागले, पण ते वेब सर्व्हरवर आणि भाड्याच्या खेळ-सर्व्हरवर चढवण्यासाठी व्यवस्थापक एफटीपीच वापरत राहिले, आणि अशा सेवांच्या नियंत्रण पानावर एफटीपीचे नाव-परवलीचा शब्द अजूनही दिसतो. ब्राउझरांनी मात्र त्याला निरोप दिला. फायरफॉक्सने जुलै २०२१ मधल्या ९० व्या आवृत्तीत तो काढून टाकला आणि क्रोमनेही त्याच वर्षी. जुन्या लेखांतले आयडीगेम्सचे एफटीपी दुवे त्यामुळे आता दाबून काही होत नाही, जरी त्याच फाइली वेबवरच्या प्रतिसाठ्यांत सुरक्षित आहेत.

क्वेकवर्ल्ड आजही खेळले जाते. त्याच्या हल्लीच्या सर्व्हरांत आणि खेळाडूंच्या प्रोग्रॅमांत तुकड्यांनी डाउनलोड करण्याचा वाढीव करार आहे: खेळाडू एकाच वेळी अनेक तुकडे मागतो, ते कोणत्याही क्रमाने आले तरी जागच्या जागी लिहितो आणि राहिलेले पुन्हा मागतो. दोन्हीकडे हा करार नसेल तर दोघे मुकाट्याने जुन्या रीतीवर उतरतात, आणि सर्व्हर पुन्हा ७६८ बाइट पाठवून ‘पुढचे द्या’ची वाट पाहू लागतो.